निवृत्तीनंतर कोकणात कायमचं राहायचं तर गाव कसं निवडावं?

किनाराशोध

सुट्टीपुरतं घर, होमस्टे, गुंतवणूक हे विषय या धाग्यात नकोत. प्रश्न बारा महिने राहण्याचा आहे. घरात दोघंच, वय साठीच्या पुढे, मुलं मुंबई-पुण्यात किंवा परदेशात. अशा जोडप्यानं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात गाव निवडताना काय तपासावं आणि कोणत्या क्रमानं, हे जाणकारांनी लिहावं.

सध्या ही नावं यादीत आहेत: अलिबाग-नागाव, दापोली, गुहागर, रत्नागिरी शहर, कणकवली-कुडाळ, मालवण, वेंगुर्ला. दवाखाना, पाणी, कागदपत्रं आणि बांधकाम या चारही बाबतींत जितकं नेमकं लिहाल तितकं बरं.

खाडीपलीकडे

क्रमाचंच विचारलंत म्हणून आधी ते. जागा बघायला सगळे नाताळात येतात. तेव्हा विहिरी भरलेल्या, हवा कोरडी, रस्ते मोकळे. त्या दिवसांत कोकणातलं कुठलंही गाव राहण्याजोगं वाटतं. निवड करायची असेल तर दोन वेळा या, एकदा जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि एकदा मेच्या शेवटी.

जुलैत बघायचं ते असं: घरापर्यंतच्या रस्त्यावरच्या मोऱ्यांवरून पाणी जातं का, वीज गेली की किती तासांनी येते, मोबाइलला रेंज राहते का (टॉवरची बॅटरी संपली की अख्ख्या वाडीचा फोन बंद), भाजी-दूध रोज पोचतं का, पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल आहे का. मे महिन्यात विहिरीचा तळ बघा, नळाला पाणी किती मिनिटं येतं ते बघा आणि टँकर येतो का ते विचारा.

त्यानंतर ११ महिने भाड्यानं राहा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदवलेला असणं बंधनकारक आहे. मे ते पुढचा मार्च असा काळ घेतलात तर पावसाळा, गणपती, शिमगा आणि उन्हाळा सगळं त्यात येतं. आपल्या वापरातल्या वस्तूंना, औषधांना आणि गुडघ्यांना हे हवामान मानवतं का ते तोवर कळलेलं असतं.

ओपीडी

माझ्या मते क्रमात पहिला दवाखाना. गाव नंतर ठरवा, आधी रुग्णालय ठरवा आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढा.

हृदयविकाराच्या झटक्यात दोन वेगळ्या गोष्टी लागतात. ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणारी जागा अर्ध्या तासात गाठता आली पाहिजे. अँजिओप्लास्टीची सोय, म्हणजे कॅथलॅब, दोन तासांच्या आत हवी. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच. म्हणून रुग्णालयात फोन करून नुसतं ‘सीटी आहे का’ विचारू नका. ‘रात्री दोन वाजता सीटी काढणारा तंत्रज्ञ हजर असतो का’ असं विचारा. तालुक्याच्या गावी यंत्र असतं पण माणूस सकाळी येतो, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते.

आता पट्ट्यानुसार. अलिबागला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या उपचाराला पनवेल-नवी मुंबई. उत्तर रत्नागिरीतले, म्हणजे दापोली, खेड, चिपळूण, गुहागरचे लोक सावर्ड्याजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात जातात. रत्नागिरी शहरात जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बरीच खासगी रुग्णालयं आहेत. सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पडव्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ला हा भाग गंभीर आजारात गोव्यात बांबोळीला धावतो. तिथे परराज्यातल्या रुग्णांसाठी शुल्काचे नियम वेगळे असतात, ते आधी विचारून ठेवा. राजापूर, कणकवली, वैभववाडीकडचे कोल्हापूरला जातात, पण मध्ये घाट आहे आणि पावसाळ्यात दरड आली की घाट बंद होतो. घाटापलीकडचं रुग्णालय ‘जवळचं’ म्हणून धरू नका.

डायलिसिसचा हिशेब लोक करत नाहीत. आठवड्याला तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, म्हणजे वर्षाला १५६ खेपा. केंद्र ४५ किलोमीटरवर असेल, जसं गुहागरहून चिपळूण, तर जाऊन-येऊन वर्षाला १४,००० किलोमीटर होतात. मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा बरीच वर्षं मुरलेला मधुमेह असेल तर डायलिसिस केंद्र असलेल्या गावातच राहा.

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. कार्ड काढलंत तरी आपल्या पट्ट्यातलं कोणतं रुग्णालय कोणत्या उपचारासाठी योजनेत आहे ते पाहून ठेवा. खासगी विम्याचंही तेच. कॅशलेसच्या यादीत कोकणातली नावं थोडी असतात.

पाखाडी

ओपीडी यांच्या प्रतिसादाला जोडून. रुग्णालय किती किलोमीटरवर हे सगळे मोजतात, दारापासून गाडीपर्यंत किती पायऱ्या हे कोणी मोजत नाही. गुहागर, रत्नागिरी, राजापूर तालुक्यांत शेकडो घरं डोंगरउतारावर आहेत आणि त्यांची वाट म्हणजे चिऱ्यांची पाखाडी. ४०-६० पायऱ्या पावसात शेवाळून बुळबुळीत होतात. १०८ची गाडी खाली थांबते आणि माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावं लागतं. वाडीत आज धडधाकट चौघे राहतात का, हे मोजा. बऱ्याच वाड्यांत गणपती सोडले तर ते नसतात.

रुग्णवाहिका अंगणात येऊन वळली पाहिजे. त्यासाठी किमान १० फूट रुंद रस्ता हवा आणि वळायला जागा हवी. आणि तो रस्ता कागदावर हवा, त्यावर ‘सातबारा’ लिहितीलच.

सातबारा

लिहितो. हा भाग मोठा होईल, पण पैसे इथेच बुडतात.

१. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते (कूळकायदा १९४८, कलम ६३). आपल्या किंवा वडिलांच्या नावावर महाराष्ट्रात कुठेही शेतजमीन नसेल तर बिनशेती प्लॉट, गावठाणातलं घर किंवा फ्लॅट एवढेच पर्याय उरतात. ‘आधी घ्या, शेतकरी दाखल्याचं नंतर बघू’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. असा व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते.

२. सातबारावर आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ (विकायला मोकळी) असेल तर पुढे चला. वर्ग २ (विकायला सरकारी अटी असलेली) असेल तर का, ते शोधा. कुळाला मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ची अट असते. ३२-म प्रमाणपत्राला (कुळानं जमीन खरेदी केल्याच्या दाखल्याला) १० वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून ती अट काढून घेता येते, आणि ते काम विकणाऱ्यानं विक्रीआधी करायचं. देवस्थान इनाम असेल तर नाद सोडा. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळकडे कबुलायतदार गावकर, म्हणजे गावानं सामाईक धरलेल्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न आहे. सिंधुदुर्गात काही सातबारांवर आकारीपड (सारा थकल्यानं सरकारजमा झालेली) किंवा वनसंज्ञा (वन म्हणून नोंदलेली) असे शेरे दिसतात. वनसंज्ञा असलेल्या जमिनीवर घराची परवानगी मिळेल असं गृहीत धरू नका.

३. ‘इतर हक्क’ हा रकाना. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाट, खाजगी वन हे सगळं तिथे असतं. ५० वर्षांपूर्वीच्या कुळाचं नाव अजून चिकटलेलं असेल तर ‘तो कधीच मुंबईला गेला’ हे उत्तर पुरेसं नाही. त्याचे वारस आहेत.

४. सामाईक सातबारा. कोकणातल्या जागांना लागलेलं सगळ्यात मोठं ग्रहण हेच. १२ गुंठ्यांवर ३५ नावं, त्यातली निम्मी हयात नाहीत. एक भाऊ म्हणतो, ‘आमचं तोंडी वाटप झालंय, हा कोपरा माझा.’ असा कोपरा विकत घेतलात तर हातात पडतो तो न वाटलेला हिस्सा. आधी वारस नोंदी, मग महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली किंवा नोंदणीकृत दस्तानं वाटप, मग मोजणी होऊन पोटहिस्सा, मग त्याचा स्वतंत्र सातबारा. तो हातात आल्यावरच इसार.

५. विकत घेण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी. गडगा (दगडी कुंपण) हीच हद्द असं समजू नका. गडगे सोयीनं घातलेले असतात.

६. बिनशेतीची सनद किंवा आदेश मूळ पाहा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला कलम ४२-ड खाली सोपी वाट दिली होती, पण तिथेही रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरल्याची पावती व सनद लागायची. बिनशेतीचे आणि तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलत आले आहेत. दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा घेणार असाल तर दुय्यम निबंधकांकडे ताजी स्थिती विचारूनच पुढे जा.

७. रस्ता. विक्रेता दाखवतो ती पायवाट शेजाऱ्याच्या मालकीची असते. रस्त्याचा हक्क देणारा नोंदणीकृत दस्त हवा आणि त्याची शेजाऱ्याच्या सातबारावर, इतर हक्कांत नोंद हवी. नुसता ग्रामपंचायतीनं डांबर टाकलेला रस्ता पुरत नाही, तो ग्रामपंचायतीच्या २३ नंबर रजिस्टरला आहे का ते पाहा.

आणखी एक. ग्रामपंचायतीची घरपट्टी, म्हणजे नमुना ८चा उतारा, हा मालकीचा पुरावा नाही. तो कर आकारणीचा कागद आहे. ‘घर माझ्या नावावर आहे’ म्हणून तेवढाच दाखवला तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका मागा. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या.

किनाराशोध

सातबारा, फार उपयोगी. समुद्रकिनाऱ्याजवळ सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, नेमकं काय बघायचं? दलाल सगळीकडे ‘२०० मीटर सोडले की झालं’ म्हणतात.

सातबारा

अर्धवट आहे ते. २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागाचे दोन प्रकार आहेत. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ३-अ, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र. बाकी सगळं ३-ब, तिथे २०० मीटर. कोकणातली बहुतेक गावं ३-ब मध्येच बसतात. २०० ते ५०० मीटरमध्येही बांधकाम नियंत्रितच आहे, मोकळं नाही. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. कांदळवनाला वेगळं संरक्षण आहे.

भरतीरेषा म्हणजे डोळ्यांना दिसणारी ओली वाळू नव्हे, ती मंजूर नकाशावरची रेषा. सर्व्हे नंबर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर टाकून बघा. शिवाय रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची आखणी जमिनीतून जाते का आणि एमआयडीसीची अधिसूचना लागू आहे का, हे प्रांत कार्यालयात विचारा.

चिरेबंदी

मी उलट सांगेन, समुद्रापासून एक-दोन किलोमीटर आतच राहा, सीआरझेड असो वा नसो. कारण खारा वारा. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर येतात आणि मीठ लोखंडावर बसतं. समुद्रासमोरच्या घरांत खिडकीच्या गजांना दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी भुगा होते, स्लॅबच्या सळ्या फुगून खालचं प्लास्टर पडायला लागतं. तुमच्या पंचाहत्तरीत हे दुरुस्त करायला माणूस शोधणं हे वेगळंच काम.

तयार घर घेताना स्लॅबला खालून बघा. सळीच्या रेषेत तपकिरी डाग किंवा लांब तडा असेल तर आतली सळी गंजलेली आहे. वरून रंग लावून काही होत नाही. हातोडीनं हलकं ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐका.

नवं बांधायचं तर भारतीय मानक ४५६ प्रमाणे किनारी हवामानात आरसीसीला किमान एम-३० काँक्रीट, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही आणि सळीवर ४५ मिलिमीटर आवरण. प्रत्यक्षात २०-२५ मिलिमीटरचे तुकडे ठेवून स्लॅब ओततात, कारण गावात तीच सवय. कव्हर ब्लॉक स्वतः मोजा. खाडीची वाळू धुऊन वापरतो असं कोणी म्हटलं तरी नको. तिच्यातल्या क्षारांमुळे सळी आतून गंजते.

भिंती चिऱ्याच्या उत्तम. खाणीतून काढलेला जांभा सुरुवातीला मऊ असतो, हवेत कडक होतो, म्हणून काढून थोडे महिने ठेवलेला घ्या. पांढऱ्या मातीचे कप्पे दिसणारा चिरा बाजूला काढा. जोतं काळ्या दगडाचं, किमान अडीच फूट. छप्पर उतरतं, पागोळ्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे पडल्या पाहिजेत. नैर्ऋत्येकडून झड येते, त्या बाजूला पडवी काढा, बेडरूम काढू नका. सपाट स्लॅब असेल तर वर पत्र्याची शेड येतेच. तिचे पत्रे वळचणीच्या कडेला नीट आवळलेले हवेत, वादळात पत्रा तिथूनच उचलतो. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड पट्ट्यात पत्रे आणि माड-पोफळी दोन्ही आडवी झाली. घरापासून १५ फुटांच्या आत माड ठेवू नका, नारळ आणि झावळी दोन्हींसाठी.

हे वयानुसार: न्हाणीघराचं दार ३ फूट, चाकाची खुर्ची जाईल असं. उंबरे नकोत. उतार १ फूट उंचीला १२ फूट लांबी. अंगणातली फरशी खरखरीत, कारण पावसाळ्यातलं शेवाळ हे इथे पडून खुबा मोडायचं मोठं कारण आहे. जूनआधी आणि ऑगस्टमध्ये एकदा ब्लीचिंग पावडर टाकून कडक ब्रशनं घासून घ्यायचं.

पाणवठा

३,००० मिलिमीटर पावसाच्या गावात मे महिन्यात टँकर का येतो, ते समजून घ्या म्हणजे जागा निवडता येईल. जांभा सच्छिद्र आहे. पाणी त्यातून झिरपतं आणि उतारानं झऱ्यांवाटे, पऱ्ह्यांवाटे समुद्राला मिळतं. सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) जागेत विहीर खोल जाते आणि लवकर आटते. उताराच्या पायथ्याला, आगराच्या (माड-पोफळीच्या बागांच्या) पट्टीत पाणी उथळ मिळतं, पण किनाऱ्याजवळ जास्त उपसलं की खारं होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या पाण्याचा नमुना तपासा. पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही कमाल मर्यादा. क्लोराइडसाठी २५० आणि १,०००. डिसेंबरात ३०० दाखवणारी विहीर मेमध्ये १,५०० दाखवू शकते.

आता टाकीचा हिशेब. दोन माणसं, दर माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे २७० लिटर. टंचाईचे १०० दिवस धरले तर २७,००० लिटर. १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट खोल टाकीत २८,००० लिटर मावतात. १,००० चौरस फुटांच्या छपरावरून ३,००० मिलिमीटर पावसात, वीस टक्के वाया गेलं तरी, सव्वादोन लाख लिटर मिळतात. म्हणजे टाकी जूनच्याच पावसात भरून वाहते. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडायचे, मग गाळणीतून आत. टाकीला उजेड लागू द्यायचा नाही आणि हवेच्या नळीला जाळी.

आणि बागेचं स्वप्न याच हिशेबात बसवा. एका माडाला उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर. दहा माड म्हणजे महिन्याला १५,००० लिटर. घरापुरती टाकी आणि दहा माड, दोन्ही एकत्र जमणार नाही. बारमाही विहीर नसेल तर काजू-आंबा लावा, मोठे झाल्यावर ते पावसावर राहतात.

खाडीपलीकडे

पाण्याचंच दुसरं टोक. पूर. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत गेलं, त्याच दिवसांत महाडला सावित्री आली. जलसंपदा विभागाच्या नकाशात नदीकाठी निळी आणि लाल रेषा असते. निळी म्हणजे २५ वर्षांतल्या पुराची, आत बांधकाम निषिद्ध. लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची, दोन्हींमध्ये अटींसह. चिपळूण, महाड, खेड, राजापूर, संगमेश्वर इथे घर पाहताना ही रेषा बघितल्याशिवाय बोलणीच करू नका. चिपळूण सोडून द्या असं म्हणत नाही. वरच्या बाजूला राहण्याजोगं आहे आणि रेल्वे व दवाखाना दोन्ही जवळ.

डोंगराच्या तीव्र उताराखालची घरंही नकोत. तळियेची दरडही २२ जुलै २०२१ चीच.

महामार्ग६६

गावांबद्दल स्पष्ट लिहायला हवं म्हणून लिहितो.

अलिबाग-नागाव: मुंबईला सर्वांत जवळ, मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो. पण शनिवार-रविवारी रस्ता आणि बाजार पर्यटकांचा असतो, आणि जमिनीचे भाव निवृत्तीच्या पैशात बसणारे नाहीत.

दापोली: समुद्रसपाटीपासून उंच, म्हणून हवा थोडी कोरडी आणि थंड. कृषी विद्यापीठामुळे गावाला शहाणपण आहे, रोपं-सल्ला मिळतो. रेल्वे खेडला, तासाभरावर.

गुहागर: सुंदर, शांत. पण सगळ्या मोठ्या कामाला चिपळूण.

मालवण, वेंगुर्ला: मासळी, बाजार, माणसं उत्तम. मे २०२१च्या तौक्ते वादळात वीज बरेच दिवस नव्हती, याची तयारी ठेवून राहायचं.

कणकवली-कुडाळ: समुद्र नाही म्हणून लोक नाकं मुरडतात. महामार्गावर, गाड्या थांबतात, ओरोस-पडवे जवळ, किनारा पाऊण-एक तासावर. म्हाताऱ्या जोडप्यासाठी माझी पहिली पसंती कुडाळ.

आगोट

कुडाळचं पटतं, पण तुम्ही रत्नागिरी शहर वगळलंत, ते पटत नाही. एकट्या उरलेल्या माणसाला गाडी न चालवता राहता येईल असं या पट्ट्यात मला तेच दिसतं. रिक्षा मिळते, औषधाचं दुकान रात्री उघडं, जिल्ह्याची कचेरी, पेन्शनची बँक, नाट्यगृह, वाचनालय सगळं गावात. दोघांपैकी एकाला गाडी येते आणि तोच आधी आजारी पडला, तर वाडीतलं घर दुसऱ्यासाठी बंदिस्त होतं. खरेदीआधी घरात हे बोलून घ्यावं.

फ्लॅट घेणार असाल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा, नुसता बांधकाम परवाना नको. ८ पेक्षा जास्त सदनिका आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड, असं दोन्ही असेल तर महारेरा नोंदणी हवीच. लिफ्टला जनरेटर आहे का, सोसायटी नोंदली आहे का आणि निम्मे फ्लॅट बंद असतात का, ते विचारा. बंद फ्लॅटवाले देखभाल खर्च थकवतात आणि मग लिफ्ट बंद राहते.

प्रवासाचं: ६५ ते ७५ वयाला एसटीत अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, गणपतीच्या तारखा पंचांगात बघून त्याच सकाळी बसायचं.

रोहित्र

वीज. तीन गोष्टी.

छतावरची सौर यंत्रणा ग्रिडला जोडलेली असेल तर लाइन गेल्यावर तीही बंद होते, कारण खांबावर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. ‘सोलर आहे, लोडशेडिंगची चिंता नाही’ ही समजूत चुकीची. बॅटरी असलेली हायब्रिड घ्यावी लागते. सूर्यघर योजनेत अनुदान २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,०००, ३ किंवा जास्त असेल तर एकूण ७८,०००. जून ते सप्टेंबर उत्पादन बरंच घटतं, हिशेब त्यावर करा.

साधा इन्व्हर्टर, १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी: हातात साधारण १,२०० वॉटतास येतात. दोन बीएलडीसी पंखे ३० वॉटचे, चार दिवे आणि राउटर मिळून १०० वॉट धरले तर १२ तास. फ्रिज त्यावर लावू नका.

रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं यंत्र) किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर वेगळी बॅटरी आणि एक भरलेला सिलिंडर घरात हवाच. इन्सुलिनचा साठा फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, वीज जास्त वेळ गेली तर ओल्या वाळूतला माठ कामाला येतो. वापरात असलेली शीशी बहुतेक प्रकारांत ३० अंशांपर्यंत चार आठवडे चालते, पत्रकावर वाचून घ्या.

ओपीडी

एक राहिलं होतं. साप आणि ताप.

कातळावर फुरसं. लहान असतं, दगडाखाली बसतं, रात्री हिंडतं. त्याच्या विषानं रक्त गोठत नाही. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. हात किंवा पाय स्थिर ठेवून थेट रुग्णालय. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष किती कुप्या शिल्लक आहेत ते गाव निवडतानाच विचारा, सुरुवातीलाच साधारण १० लागतात. पावसात चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो, म्हणून गमबूट. पायाला जखम असताना चिखलात उतरू नका आणि ताप आला तर अंगावर काढू नका. दोडामार्ग, सावंतवाडीच्या काही गावांत जानेवारी ते मे माकडताप येतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, आणि त्या दिवसांत रानात सुका पाला गोळा करायला जायचं नाही.

किनाराशोध

सगळ्यांचे आभार. क्रम असा धरतो: रुग्णालय, मग पूर आणि दरड, मग मे महिन्याचं पाणी, मग गाडी अंगणात येते का, मग कागद, मग घर. यादीत आता रत्नागिरी, कुडाळ आणि दापोली उरली. जुलैत नेमकं कोणत्या दिवशी जावं?

खाडीपलीकडे

अमावास्या किंवा पौर्णिमा, आणि त्यापुढचे दोन दिवस. तेव्हा उधाण सर्वांत मोठं असतं, आणि पाऊस लागून असला की खाडीचं पाणी वर चढतं ते तेव्हाच. भरतीची वेळ काढायची जुनी रीत: तिथीला पाऊणनं गुणा, तितके वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा. ठिकाणाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो. त्या भरतीच्या वेळेला रस्त्यावरच्या सगळ्यात सखल मोरीपाशी उभे राहा, पाणी कुठपर्यंत येतं ते बघा, आणि नाक्यावरच्या दुकानदाराला विचारा, २०२१ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं.